मिथेनॉलवर चालणारे जहाज खरोखर किती स्वच्छ असते?

भरतीओहोटी (प्रश्नकर्ता):

नमस्कार. मालवाहू जहाजे भाड्याने घेण्याच्या करारांचे मसुदे तपासणे हे माझे काम आहे. जहाजावर मी कधी नोकरी केलेली नाही आणि रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेतच सुटला. पण गेल्या दोन-तीन वर्षांत या मसुद्यांमध्ये ‘मिथेनॉल’ हा शब्द इतक्या वेळा येऊ लागला आहे की, त्यामागचे तंत्र समजून न घेता आपण केवळ स्वल्पविराम तपासत बसलो आहोत, असे मला वाटू लागले आहे.

थोडेफार वाचन केले आहे. २०१५ मध्ये गोथेनबर्ग ते कील या मार्गावरील ‘स्टेना जर्मॅनिका’ या मोठ्या प्रवासी फेरीबोटीचे इंजिन मिथेनॉलसाठी बदलण्यात आले, त्यानंतर मिथेनॉलचीच वाहतूक करणारे काही टँकर आपल्याच मालावर चालू लागले, २०२३ मध्ये ‘लॉरा मर्स्क’ हे सुमारे २,१०० कंटेनरांचे छोटे जहाज आले आणि २०२४ च्या आरंभी १६,००० हून अधिक कंटेनर वाहणारे ‘आने मर्स्क’ पाण्यावर आले, इथपर्यंतचा क्रम ध्यानात आला. माझी अडचण त्यापुढे सुरू होते. एका माहितीपत्रकात लिहिले होते की, मिथेनॉलमुळे कार्बनचे उत्सर्जन नव्वद टक्क्यांपर्यंत घटते. दुसरीकडे वाचले की, घट जेमतेम दहा टक्के आहे. आणि तिसऱ्या ठिकाणी तर उत्सर्जन वाढते असे ठामपणे म्हटले होते. तिघेही जाणकार दिसत होते. एकाच द्रवाबद्दल ही तिन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात का?

त्याशिवाय हेही जाणून घ्यायचे आहे की, इंजिनात आणि टाक्यांमध्ये नेमका काय फरक पडतो, हे इंधन हाताळणाऱ्या लोकांना धोका किती, आणि द्रवरूप नैसर्गिक वायू किंवा अमोनिया सोडून मिथेनॉलकडे वळण्याचे कारण काय. उत्तर लांबले तरी चालेल.

इंजिनखोली:

मी डिझेल आणि मिथेनॉल अशी दोन्ही इंधने घेणाऱ्या जहाजावर सेकंड इंजिनियर आहे, त्यामुळे तुमच्या प्रश्नांपैकी जेवढे इंजिनाशेजारी उभे राहून सुटतात तेवढ्यांची उत्तरे देतो. आकडे एकमेकांशी का भांडतात, हे इंजिनाला ठाऊक नसते. त्या प्रश्नाला रसायनवाल्यांनी हात घालावा.

मिथेनॉल हा सर्वांत साधा अल्कोहोल आहे. त्याच्या रेणूत कार्बनचा एकच अणू असतो, म्हणजे कार्बनला कार्बन जोडलेला कुठेच नसतो, आणि म्हणूनच तो जळताना काजळी जवळपास धरत नाही. त्यात गंधकही नसते. २०२० पासून जगभर जहाजाच्या इंधनातील गंधकाची मर्यादा ०.५० टक्के आणि नियंत्रित सागरी क्षेत्रांत ०.१० टक्के आहे. जड तेल जाळायचे तर ही मर्यादा पाळण्यासाठी धूर धुणारा स्क्रबर बसवावा लागतो. मिथेनॉलला त्याची गरजच नाही. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे म्हणाल तर मिथेनॉलचे बाष्पीभवन होताना प्रतिकिलो सुमारे १,१०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते, ज्वाला त्यामुळे थोडी थंड राहते आणि हे ऑक्साइड कमी बनतात. मात्र सर्वांत कडक निकष गाठायचा तर तेवढ्याने भागत नाही. मिथेनॉलमध्ये पाणी मिसळावे लागते किंवा बाहेर पडणाऱ्या वायूंवर वेगळी प्रक्रिया करावी लागते. ज्वलन अर्धवट राहिले तर फॉर्मल्डिहाइड बनते, हेही लपवण्यात अर्थ नाही.

आता अडचण. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेट घेते. मिथेनॉल या बाबतीत फार हट्टी आहे. त्याचा सीटेन अंक, म्हणजे अशा उष्णतेने पेटण्याच्या तयारीचे माप, पाचाच्याही खाली भरतो, म्हणजे नुसते आत फवारले तर ते पेटणार नाही. म्हणून आधी थोडेसे डिझेल आत सोडून ज्वाला तयार करतात आणि तिच्यात मिथेनॉल फवारतात. मोठ्या दोन-स्ट्रोक इंजिनात पूर्ण भारावर हे ‘पायलट’ डिझेल एकूण ऊर्जेच्या पाच टक्क्यांच्या आसपास असते, आणि भार कमी झाला की त्याचे प्रमाण वाढते. तेव्हा ‘मिथेनॉलवर चालणारे जहाज’ म्हणजे खरे तर ‘मिथेनॉलवरही चालणारे जहाज’. ते पुरवठ्यात अडथळा आला की त्याच क्षणी, न थांबता, डिझेलवर परत जाऊ शकते. हा गुणही आहे आणि पळवाटही.

टाक्यांचा हिशेब मात्र कोणालाही पळवाट देत नाही. जड तेलाच्या एका किलोत सुमारे ४० मेगाज्यूल ऊर्जा असते, मिथेनॉलच्या एका किलोत सुमारे २०. शिवाय मिथेनॉल हलके. त्याचे एक लिटर जेमतेम ०.७९ किलो भरते. समजा, एक जहाज दिवसाला ५० टन जड तेल जाळते आणि त्याला महिनाभराचे इंधन सोबत न्यायचे आहे. तेल असेल तर १,५०० टन, म्हणजे साधारण १,५५० घनमीटर जागा पुरेल. मिथेनॉल असेल तर ३,००० टन, आणि जागा ३,८०० घनमीटर लागेल. ही जास्तीची जागा कुठून तरी काढावीच लागते. वायूच्या तुलनेत सोय एवढीच की, मिथेनॉल साध्या तापमानाला आणि साध्या दाबाला द्रवच राहते (ते ६५ अंशांना उकळते), त्यामुळे जहाजाच्या पोटातील वेड्यावाकड्या कोपऱ्यांतही त्याची टाकी बांधता येते, जहाजाचा तोल राखण्यासाठी पाणी भरायच्या जुन्या बॅलास्ट टाक्याही बदलून घेता येतात. २०२४ मध्ये ‘मर्स्क हॅलिफॅक्स’ हे मोठे जहाज बदलताना तर त्याची लांबीच वाढवण्यात आली.

मिथेनॉलच्या टाकीभोवती सहसा कॉफरडॅम, म्हणजे मुद्दाम सोडलेली रिकामी पोकळी असावी लागते. परंतु आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२० च्या अखेरीस या इंधनांसाठी जी अंतरिम मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत पाण्याखालच्या बाहेरील पत्र्याला लागून असलेल्या बाजूला ही पोकळी माफ केली आहे. कारण तिथून गळती झाली तर मिथेनॉल समुद्रात जाते, पाण्यात पूर्ण विरघळते आणि सूक्ष्मजीव थोड्याच दिवसांत ते खाऊन टाकतात. हाच पत्रा फाटून जड तेल बाहेर पडले तर किनारे वर्षानुवर्षे साफ करावे लागतात.

धोक्याबद्दल. प्रशिक्षणात आम्हाला भर उन्हात एका उथळ ट्रेमध्ये मिथेनॉल पेटवून दाखवले होते. पेटवले, असे प्रशिक्षक म्हणाले. आम्हाला काहीच दिसत नव्हते. ट्रेच्या वरची हवा तेवढी डांबरी रस्त्यावर दुपारी थरथरते तशी थरथरत होती. मग त्यांनी लांब काठीच्या टोकाला बांधलेली चिंधी त्या हवेत धरली आणि ती पेटली तेव्हा आम्ही दोन पावले मागे सरकलो. ज्वाला फिकट निळी असते, धूर नसतो, आणि मिथेनॉलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ठिणगी लागली तर वाफ पेट घेईल असे किमान तापमान, ११-१२ अंश असल्यामुळे साध्या तापमानालाही त्याची वाफ पेट घेऊ शकते. डिझेलसाठी सागरी नियम किमान ६० अंश मागतात, त्यावरून फरक लक्षात येईल. म्हणून टाकीतील मोकळ्या जागेत नायट्रोजन भरलेला असतो, इंजिनखोलीतील नळ्या दुहेरी भिंतीच्या असतात, दोन भिंतींमधली हवा सतत ओढून तपासली जाते आणि आग विझवण्यासाठी अल्कोहोलला टिकणारा फेस ठेवतात, कारण साधा फेस मिथेनॉलमध्ये विरघळून जातो.

विषारीपणा हा दुसरा भाग. दहा मिलिलिटर पोटात गेले तरी दृष्टी जाऊ शकते. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते आणि ते डोळ्यांच्या नसेवर हल्ला करते. त्रास लगेच दिसत नाही, बारा ते चोवीस तासांनी दिसतो. त्वचेतूनही ते शोषले जाते. एकदा फिल्टर बदलताना माझ्या हातमोज्याच्या मनगटावरून दोन-चार थेंब आत गेले. थंडगार लागले, सुखद वाटले, आणि ते सुखद वाटणेच मला अधिक घाबरवून गेले. पुढची पंधरा मिनिटे मी वाहत्या पाण्याखाली हात धरून उभा होतो. काही झाले नाही. पण जड तेल अंगावर उडाले तर ते दिसते, चिकटते, वास मारते आणि माणूस आपणहून धुतो. मिथेनॉल पाण्यासारखे दिसते आणि उडून जाते, त्यामुळे त्याच्याबाबतची सवय शिकवावी लागते.

उत्प्रेरक:

रसायनवाल्यांना आवाहन आहे म्हणून लिहितो. माझी बहुतेक नोकरी मिथेनॉलच्या संयंत्रात गेली आहे.

तुमची तिन्ही विधाने खरी आहेत. ती वेगवेगळ्या जागी उभे राहून केलेली आहेत, एवढेच.

‘दहा टक्के’ म्हणणारा माणूस जहाजाच्या धुराड्यापाशी उभा आहे. एक टन मिथेनॉल जाळले की १.३७५ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. यात कोणालाही घासाघीस करता येत नाही, कारण तो अणूंच्या वजनांचा हिशेब आहे. एक टन जड तेल जाळले की ३.११४ टन पडतो. टनाला टन लावून पाहिले तर मिथेनॉल फारच पवित्र वाटते, आणि काही माहितीपत्रके नेमकी हीच तुलना छापतात. पण जहाजाला टन नको असतात, ऊर्जा हवी असते. तेव्हा प्रतिमेगाज्यूल हिशेब केला की मिथेनॉलचे ६९ ग्रॅम येतात आणि जड तेलाचे ७७ च्या आसपास. फरक उरतो तो दहा टक्क्यांचा.

‘वाढते’ म्हणणारा विहिरीपासून, म्हणजे इंधनाचा कच्चा माल जमिनीतून निघतो तिथपासून, मोजतो आहे. आज जगात वर्षाला साधारण ११ कोटी टन मिथेनॉल बनते आणि त्यातले जवळपास सगळे नैसर्गिक वायूपासून किंवा कोळशापासून बनते. ते बनवतानाही कार्बन हवेत जातो. युरोपीय संघाच्या ‘फ्युएलईयू मेरिटाइम’ या नियमात नैसर्गिक वायूपासूनच्या मिथेनॉलच्या निर्मितीसाठी प्रतिमेगाज्यूल ३१.३ ग्रॅम असा आकडा ठरवून दिला आहे. त्यात धुराड्यातले ६९ मिळवा, बेरीज १०० च्या वर जाते. त्याच नियमात तुलनेसाठी धरलेला संदर्भ आकडा, म्हणजे २०२० मधील जहाजांच्या इंधनाची सरासरी, ९१.१६ आहे. थोडक्यात, कोणी वायूपासूनचे साधे मिथेनॉल टाकीत भरले, तर त्याने गंधक आणि काजळी वाचवली, पण तापमानवाढीत मात्र भरच घातली. कोळशापासूनचे मिथेनॉल याहून कितीतरी वाईट.

‘नव्वद टक्के’ म्हणणारा माणूस हरित मिथेनॉलबद्दल बोलतो आहे. धुराड्यातून बाहेर पडणारा कार्बन आधी हवेतूनच, वनस्पतींच्या मार्फत किंवा थेट, घेतलेला असेल तर तो परत हवेत गेल्याने खात्यात शिल्लक बदलत नाही. रेणू तोच, ज्वाला तीच, इंजिनखोलीत नोंदवलेले आकडेही तेच. कुठलेही उपकरण धुराड्यात लावून हा फरक मोजायला जाल तर फसाल; तो कागदपत्रांत असतो. (कार्बन-१४ ची चाचणी केली तर जैविक आणि जीवाश्म कार्बन वेगळा ओळखता येतो, हे खरे, परंतु वीज कुठली वापरली हे तिलाही सांगता येत नाही.)

हरित मिथेनॉलचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिला जैविक: शेतीचा कचरा, लाकडाचा भुसा, सांडपाण्याचा गाळ यांपासून वायू काढायचा आणि त्याचे मिथेनॉल करायचे. तो स्वस्त पडतो, पण कचरा ठिकठिकाणी विखुरलेला असतो आणि त्याच्यावर विमान-इंधनवाल्यांचाही डोळा असतो. दुसरा मार्ग विजेचा. पाण्याचे विद्युत विघटन करून हायड्रोजन काढायचा, कार्बन डायऑक्साइडशी त्याचा संयोग घडवायचा, तांबे आणि झिंक ऑक्साइडच्या उत्प्रेरकावरून २०० ते ३०० अंश तापमानाला आणि ५० ते १०० बार दाबाखाली हे मिश्रण फिरवायचे. ‘फिरवायचे’ हा शब्द मी शब्दशः वापरतो आहे: एका फेरीत सगळे रूपांतर होत नाही, न जुळलेला वायू पुन्हा पुन्हा आत पाठवावा लागतो, आणि एक टन मिथेनॉलमागे अर्ध्या टनाहून थोडे अधिक पाणी बनते, जे उत्प्रेरकाला त्रास देते आणि शेवटी ऊर्ध्वपातनाने काढावे लागते. आइसलँडमध्ये स्वार्ट्सेंगी येथे २०१२ च्या सुमारास भूऔष्णिक केंद्राच्या वायूतून मिथेनॉल काढण्याचे संयंत्र याच तत्त्वावर सुरू झाले होते आणि त्याची क्षमता पुढे वर्षाला ४,००० टनांपर्यंत गेली, तेव्हा रसायन सिद्ध व्हायचे बाकी आहे असे कोणी समजू नये.

बाकी आहे ती वीज. एक टन मिथेनॉलला सुमारे ०.१९ टन हायड्रोजन लागतो. एक टन हायड्रोजनला पन्नासहून अधिक मेगावॅट-तास वीज जाते, बाकीची यंत्रे धरली तर एक टन मिथेनॉलमागे दहा-अकरा मेगावॅट-तास पडतात, आणि त्या एका टनात ऊर्जा उरते साडेपाच मेगावॅट-तास. वरच्या प्रतिसादातले ३,००० टनांचे उदाहरण घ्या. त्या एका महिन्याच्या इंधनाला तीस हजारांहून अधिक मेगावॅट-तास वीज लागली. दहा मेगावॅटची एक मोठी पवनचक्की चांगल्या वाऱ्यात वर्षभर फिरून साधारण पस्तीस हजार मेगावॅट-तास देते. एक पवनचक्की, एक वर्ष, एका जहाजाचा एक महिना. डेन्मार्कमध्ये कासो येथे मे २०२५ मध्ये उद्घाटन झालेला कारखाना या प्रकारचे मिथेनॉल मोठ्या व्यापारी प्रमाणावर बनवणाऱ्या पहिल्यांपैकी आहे आणि त्याची क्षमता वर्षाला ४२,००० टन आहे. आपल्या उदाहरणातले जहाज अखंड चालले तर त्याला ते तेरा-चौदा महिने पुरेल. जगातील जहाजे मिळून वर्षाला सुमारे ३० कोटी टन तेल जाळतात. मिथेनॉलमध्ये त्याचे ६० कोटी टन होतात, आणि आज सर्व उद्योगांसाठी मिळून एकूण उत्पादन ११ कोटी आहे, तेही बहुतांश अहरित. मी हे निरुत्साह करण्यासाठी लिहीत नाही. परंतु इंजिनांच्या गोष्टी रंगवून सांगणारे लोक या हिशेबाशी आले की एकदम घाईत असतात, असा माझा अनुभव आहे.

कार्बन डायऑक्साइड कुठून आणायचा, हाही साधा प्रश्न नाही. औष्णिक वीजकेंद्राच्या चिमणीतला वायू पकडून मिथेनॉल केले तर तो कार्बन अखेर जहाजाच्या चिमणीतून हवेत जातोच, फक्त थोडा उशिरा. युरोपीय संघ असा वीजनिर्मितीतला जीवाश्म कार्बन २०३६ पर्यंतच आणि इतर उद्योगांतला २०४१ पर्यंतच जमेस धरणार आहे. त्यापुढे जैविक कार्बन लागेल किंवा थेट हवेतून ओढलेला, आणि हवेतून ओढणे आजघडीला फार महाग आहे.

भरतीओहोटी:

दोन्ही प्रतिसादांबद्दल आभार. पवनचक्कीचे उदाहरण मी सहकाऱ्यांना वाचून दाखवले. आता साहजिकच पुढचा प्रश्न येतो: इंधन एवढे दुर्मिळ असताना मालक अशी जहाजे का बांधून घेत आहेत? आणि माझ्यासमोरच्या एका मसुद्यात एवढेच वाक्य आहे: ‘भाडेकरू जहाजास हरित मिथेनॉल पुरवील.’ हे वाक्य पुरेसे आहे का?

सुकाणू:

मी इंधनखरेदीच्या बाजूला आहे. आधी ‘का’चे उत्तर देतो, वाक्याकडे नंतर येतो.

जहाज पंचवीस वर्षे चालवायचे असते. आज मागवलेले जहाज २०५० नंतरही पाण्यावर असेल, आणि आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचे २०२३ चे धोरण त्याच सुमारास निव्वळ शून्य उत्सर्जन गाठण्याचे आहे. बांधतानाच मिथेनॉलची सोय केली तर खर्च आवाक्यात राहतो, मागाहून करायची तर जहाज काही महिने गोदीत अडकते. म्हणून मालक एक प्रकारचा विमा विकत घेतात, आणि हरित मिथेनॉल मिळेपर्यंत बरीचशी जहाजे साधे तेलच जाळत फिरतात. ‘इंजिनखोली’ यांनी पळवाट म्हटले ते हेच.

विमा महाग वाटू लागला की माणसे दुसरीकडे चौकशी करतात. मिथेनॉलच्या जहाजांची लाट ज्या मर्स्क कंपनीने २०२१ मध्ये सुरू केली, तिनेच २०२४ मध्ये द्रवरूप वायूवर चालणारी जहाजेही मागवली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अर्स्टेड या डॅनिश कंपनीने स्वीडनमधला ‘फ्लॅगशिपवन’ हा बांधकाम सुरू झालेला ई-मिथेनॉलचा (विजेच्या मार्गाने बनणाऱ्या मिथेनॉलचा) प्रकल्प रद्द केला, कारण दीर्घ मुदतीचे आणि परवडणाऱ्या दराचे ग्राहक मिळेनात. जहाजवाले म्हणतात इंधन नाही, इंधनवाले म्हणतात ग्राहक नाही. दोघेही खोटे बोलत नाहीत.

ही कोंडी नियमांनीच फुटेल, असे माझे मत आहे. युरोपात ‘फ्युएलईयू’ नियमानुसार जानेवारी २०२५ पासून जहाजाने वापरलेल्या ऊर्जेची कार्बन-तीव्रता, म्हणजे प्रतिमेगाज्यूल उत्सर्जन, वर आलेल्या ९१.१६ या संदर्भ आकड्यापेक्षा २ टक्के कमी असावी लागते, २०३० पासून ६ टक्के, आणि २०५० मध्ये ८० टक्के. कमी पडलात तर तुटवड्याइतकी ऊर्जा देणाऱ्या इंधनाच्या दर टनामागे २,४०० युरो दंड. विजेपासून बनवलेल्या इंधनाचा हिशेब २०३३ अखेरपर्यंत दुप्पट धरला जातो, आणि एका जहाजाची जास्तीची कमाई ताफ्यातल्या दुसऱ्या जहाजांच्या नावे वळती करता येते. जगाच्या पातळीवर असाच आराखडा एप्रिल २०२५ मध्ये सागरी संघटनेत मंजुरीपर्यंत आला, पण ऑक्टोबरमध्ये त्याच्या स्वीकृतीचा निर्णय एक वर्ष पुढे ढकलण्यात आला. कारखान्यात पैसे घालणाऱ्याला हे एक वर्ष फार मोठे वाटते.

वायू की अमोनिया, यावर थोडक्यात: द्रवरूप वायू उणे १६२ अंशांवर सांभाळावा लागतो आणि त्याचा काही भाग न जळता निसटतो; तो मिथेन असल्यामुळे गंधक-काजळीत मिळवलेले हवामानाच्या खात्यात बरेचसे घालवतो. त्याचा पुरवठा मात्र बंदराबंदरांत तयार आहे. अमोनियात कार्बनच नाही, म्हणून तो कुठून आणायचा हा प्रश्नच उरत नाही, पण बंदिस्त जागेत गळती झाली तर माणसे काही श्वासांत मरू शकतात. मिथेनॉल या दोघांच्या मध्ये आहे: हाताळायला सोपे, मिळवायला कठीण.

आता तुमचे वाक्य. ते पुरेसे नाही, आणि मी हे पोळून घेऊन सांगतो आहे. एका पुरवठादाराने आम्हाला ‘हरित’ म्हणून मिथेनॉल विकले. प्रत्यक्ष माल टाकीत होता तो नेहमीचाच, आणि हरितपणा वस्तुमानाच्या ताळेबंदातून आला होता, म्हणजे दूर कुठेतरी तेवढेच जैविक मिथेनॉल साखळीत सोडल्याचा कागद. ही पद्धत नियमाला धरून आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण कागद आला तीन महिन्यांनी, त्यावरील तीव्रतेचा आकडा सांगितल्यापेक्षा जास्त होता, आणि करारात ‘हरित’ या शब्दापलीकडे काहीच लिहिलेले नसल्यामुळे आम्हाला हात चोळत बसावे लागले. तेव्हा ‘हरित’ हा शब्द काढून टाका. त्याजागी लिहा: विहिरीपासून धुराड्यापर्यंत प्रतिमेगाज्यूल अमुक ग्रॅमपेक्षा अधिक नाही, तो कोणत्या नियमाच्या पद्धतीने मोजायचा, इंधन पर्यावरणाच्या निकषांत बसते असा दाखला ते भरल्यापासून किती दिवसांत द्यायचा, दाखला आला नाही तर साध्या मिथेनॉलचा आकडा धरून होणारा दंड कोण भरणार. आणि विसरू नका, नियमापेक्षा चांगली कामगिरी झाली तर ती जास्तीची जमा मालकाची की भाडेकरूची, हेही. इंधनाचे पैसे भाडेकरू देतो आणि हिशेब मालकाच्या नावाने चालतो, त्यामुळे पहिले भांडण तिथेच होते.

इंजिनखोली:

‘सुकाणू’ यांच्या यादीत एक भर घालतो, कारण त्याचा मनस्ताप आम्हाला होतो. मसुद्यात जहाजाचा वेग आणि दिवसाचा इंधनखप दिलेला असेल तर तो टनांत आहे का, ते पाहा. तो आकडा जड तेल धरून लिहिलेला असतो. मिथेनॉलवर तेच जहाज, त्याच वेगाने, दुप्पट टन खाते, आणि त्यात पायलट डिझेलचा हिशेब वेगळाच राहतो, जो संथ गतीला वाढतो. खप मेगाज्यूलमध्ये लिहा, किंवा दोन्ही इंधनांचे आकडे वेगवेगळ्या भारांसाठी शेजारी शेजारी द्या.

आमच्या मागच्या करारात हे कोणी केले नव्हते. पहिल्याच महिन्याच्या शेवटी भाडेकरूचे पत्र आले की, जहाज करारापेक्षा शंभर टक्के जास्त इंधन जाळते आहे, तरी मुख्य इंजिनाची तपासणी करून अहवाल पाठवावा. चीफ इंजिनियरांनी ते पत्र कंट्रोल रूमच्या फळ्यावर लावले आहे. अजून तिथेच आहे.

भरतीओहोटी:

कलम काढून पाहिले. टनांतच आहे.